पट्ट्यात शिवलेला टॉवेल

होलुब, नेब्रास्का
३ ऑगस्ट १९७६

प्रिय एमिल,

तुझ्या खोकल्याची चौकशी शेवटी करीन. आधी तुला जे ऐकायचंय ते सांगते. कॉलेजच्या फुटबॉल संघाचं सराव शिबिर गेल्या आठवड्यात सुरू झालं, आणि तुझ्या लाइनबॅकरांचं यंदा काही खरं नाही.

तू कोच होतास तेव्हा जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि चमचे मांडून शिकवायचास ना : पुढची फळी म्हणजे भिंत, मागची फळी म्हणजे छप्पर, आणि मधले तीन लाइनबॅकर म्हणजे घरातली माणसं. चोर, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, भिंत फोडून येवो की छपरातून उतरो, धावून त्याला आडवं पाडायचं ते या तिघांनी. तर यंदा घरात माणसंच नाहीत. गेल्या वर्षीचे दोघे पदवी घेऊन गेले. तिसरा, तो लाल केसांचा, जूनमध्ये लग्न करून सासऱ्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात बसला. मधल्या जागेवर तुझा नातू रॉडनी आहे. त्याच्या डाव्या हाताला गेलन स्टोल्झ नावाचा एक लांबुडका मुलगा. उजव्या हाताला रोज नवा कोणीतरी.

हे सगळं मी माझ्या स्वयंपाकघरातून बघते. परसाच्या कुंपणापलीकडेच मैदान आहे, त्यात माझा काय दोष? पण तुझ्या जागी आलेल्या हॅगर्टीने यंदा मैदानाभोवती ताडपत्र्या बांधल्या आहेत. माझ्या खिडकीसमोर ताडपत्री पुरली नाही, म्हणून त्याने आपल्या मदतनिसाला माझ्याकडे पाठवलं.

“मॅडम, कोच विचारतायत, तुमच्या खिडकीला पडदा लावाल का?”

“कशासाठी?”

“वेस्टब्रुकचे लोक आपला डाव चोरतात म्हणे. कुठूनही बघतात.”

“माझ्या सिंकमध्ये उभे राहून?”

“खबरदारी म्हणून हो, मॅडम.”

“तुझ्या कोचना सांग, या गावाला जीवशास्त्र मी शिकवलंय. तुझ्या बापाकडूनही बेडूक फाडून घेतलाय, आणि तेव्हा तो रडला होता. पडदा लागणार नाही.”

पण एमिल, ताडपत्र्या उगाच कोणी बांधत नाही. काहीतरी लपवाछपवी आहे. आणि तो स्टोल्झ मुलगा मला आवडत नाही. रॉडनीला सावलीसारखा चिकटलेला असतो. त्याला मधली जागा हवी असणार.

रॉडनी वर तुझ्या जुन्या खोलीत राहतो. त्याचा बाप लुई अलास्कात पाइपलाइनवर आहे तोवर मुलाची जबाबदारी माझी, हे मी विसरलेले नाही. पण पोरगं नीट जेवत नाही. काल खसखशीचं सारण भरून कोलाचे, ते आईचे गोड पाव, केले, एकाला हात लावला आणि उठला.

खोकला कसा आहे?

तुझी,
व्लास्ता


युमा, अॅरिझोना
८ ऑगस्ट १९७६

प्रिय ताई,

खोकला बरा आहे. इथली हवा इतकी कोरडी आहे की खोकल्यालाही तहान लागते.

पडद्याचं वाचून मी एकटाच इतका हसलो की शेजारीण दार वाजवून गेली. पण तुझा संशय बरोबर आहे. हॅगर्टी लपवाछपवी करतोच. मला घालवताना त्याने किती गोड बोलून घालवलं, आठवतं? तेव्हापासून त्याच्या डोळ्यात आपलं आडनाव खुपतं. रॉडनीला मधल्या जागेवरून काढायला तो फक्त निमित्त शोधतोय. म्हणून एक सांगतो, ते ऐक : हॅगर्टीसमोर किंवा त्याच्या त्या मदतनिसासमोर पोराबद्दल चकार शब्द काढू नकोस. जेवत नाही, झोपत नाही, काहीही नाही. पोराला शिंक आली तरी ती तूच दिलीस असं सांग.

मधला लाइनबॅकर हा संघाचा चेहरा असतो. खेळ सुरू व्हायच्या आधी डाव ओरडून सांगायचा तो त्यानेच. मी तिथे उभा राहिलो, आता माझा नातू उभा आहे, त्याच एक्कावन्न नंबरचा शर्ट घालून. हे मला बघायला मिळालं तर बाकी फुप्फुसांचं देव बघून घेईल.

दर रविवारी मी त्याच्याशी फोनवर बोलतो. ठणठणीत आहे. शिबिराच्या दिवसांत कोणाचंच जेवण जात नाही.

स्टोल्झवर मात्र नजर ठेव.

तुझा,
एमिल


होलुब
१२ ऑगस्ट १९७६

प्रिय एमिल,

नजर सगळ्यांवरच ठेवली आहे. तुझ्यावरही ठेवायला हवी असं वाटू लागलंय. तुझं पार्सल परवा आलं आणि त्याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही.

रॉडनीने ते माझ्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं. उघडलं तर तुझा जुना गळ्याचा पट्टा! तोच, घोडागाडीच्या जुंपणीसारखा दिसणारा, चामड्याचा. आई त्याला बघून म्हणायची, याला आता नांगराला जोडा. रॉडनी तो खांद्याच्या पॅडांना बांधून आरशासमोर उभा राहिला, मान हलवली आणि नाराज झाला.

“आत्याआजी, यात अजून काहीतरी भरता येईल का? जाड काहीतरी.”

“हा तुझ्या आजोबांना पुरला.”

“आता सगळे जाड घालतात. दिसतं छान.”

“कोणाला?”

त्यावर हसला. मी म्हटलं असेल एखादी मुलगी. स्वयंपाकघरातला निळ्या पट्ट्यांचा एक चांगला टॉवेल घेतला, चौघडी केली आणि दाभणाने आत शिवून दिला. चामडं कडक झालंय, बोटं सोलली. आता त्याची मान कासवासारखी दिसते. छान वगैरे काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट. माझ्या फ्रीजमधले बर्फाचे ट्रे रोज सकाळी रिकामे असतात. काकड्या खारात घालायच्या आधी मला बर्फ लागतो आणि तो नसतो. वर खोलीचं दार लावलेलं. तरण्या पोराला दाराआड बर्फ कशाला लागतो, हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. मी बाटली शोधली. सापडली नाही. म्हणजे लपवायलाही शिकलाय.

तिसरी गोष्ट. पाण्याच्या टाकीच्या टेकाडावर रोज दुपारी एक हिरवा पिकअप ट्रक उभा असतो. आत टोपी घातलेला माणूस, हातात दुर्बीण. ब्रेडच्या दुकानात सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. मिसेस होराक म्हणाल्या, “वेस्टब्रुकचाच, दुसरा कोण?” पोस्टमास्तर म्हणाला की हॅगर्टीनेच माणूस ठेवलाय, आपल्याच मुलांवर नजर ठेवायला. मी दोन्ही शक्यता धरून चालले आहे.

लाइनबॅकरांचं विचारशील तर अवस्था वाईट आहे. रॉडनी डावखुरा आहे ना? डावीकडून पळणाऱ्याला डाव्या खांद्याने अडवायचं, हे तूच त्याला अंगणात शिकवलंस. आता तो प्रत्येकाला उजव्याच खांद्याने पाडायला जातो, त्यासाठी वळसा घेतो आणि उशिरा पोचतो. ही नवीन शिकवण हॅगर्टीची आहे का?

व्लास्ता


युमा
१७ ऑगस्ट १९७६

प्रिय ताई,

तू पोलीस खात्यात असतीस तर नेब्रास्कात एकही चोर उरला नसता, आणि एकही प्रामाणिक माणूस तुरुंगाबाहेर राहिला नसता.

पट्टा मी आठवण म्हणून पाठवला. ट्रंक आवरत होतो, सापडला. त्यात काय सांगायचं? आणि टॉवेल शिवलास हे फार छान केलंस, तसाच राहू दे.

बर्फ ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच लागतो. लिंबू सरबत करत असेल. त्याच्या खोलीत जाऊ नकोस, तो आता लहान नाही.

खांद्याचं म्हणशील तर हो, असेल हॅगर्टीचंच काही खूळ. खिडकीतून दिसतं त्यावर फार भरवसा ठेवू नकोस.

तो टेकाडावरचा माणूस महत्त्वाचा आहे. त्याच्या गाडीचा नंबर टिपून घे. वेस्टब्रुकचा असेल तर पहिला सामना आपण घालवलाच समज. ११ सप्टेंबरला तेच येणार आहेत.

एमिल


होलुब
२१ ऑगस्ट १९७६

प्रिय एमिल,

नंबर टिपला नाही. सरळ वर जाऊन माणसालाच विचारलं.

आधी घरातलं सांगते. गुरुवारी काकड्यांच्या बरण्या भरत होते. गेल्या वर्षीच्या एका बरणीचं झाकण निघेना. रॉडनीला हाक मारली. पोरगं नववीत होतं तेव्हापासून माझ्या बरण्या त्याच्याच डाव्या हाताने उघडतात. त्याने बरणी घेतली, डाव्या काखेत दाबली आणि उजव्या हाताने झाकण फिरवलं.

“डाव्या हाताला काय झालं?”

“काही नाही. ओला होता.”

ओला नव्हता, एमिल. मी बघत होते.

शुक्रवारी टेकाडावर गेले. सोबत लाटणं होतं, ते नाकारत नाही. ट्रकमधला माणूस मला बघून खाली उतरला आणि त्याने टोपी काढली.

“तुम्ही वेस्टब्रुकचे?” मी विचारलं.

“मी स्टोल्झ. गेलनचा बाप. डुकरं पाळतो, वीस मैलांवर.”

“मग खाली जाऊन बघा की मुलाला!”

“गेलन म्हणतो, पप्पा, तुम्ही आलात की मला खेळता येत नाही. म्हणून इथून बघतो. तुम्ही त्याला सांगणार नाही ना?” माझ्या हातातल्या लाटण्याकडे बघत तो म्हणाला, “आणि मारणारही नाही ना?”

गावाने तीन आठवडे ज्याच्यावर संशय घेतला तो हा माणूस. मी त्याच्याकडून दुर्बीण मागून घेतली. खिडकीतून मला माणसं दिसायची, दुर्बिणीतून हात दिसले.

रॉडनीने एकाला पाडलं. उठला. डावा हात खांद्यापासून लोंबत होता, ओल्या बाहीसारखा. त्याने उजव्या हाताने तो उचलला आणि अंगठा पँटच्या पट्ट्यात अडकवला, म्हणजे लांबून वाटावं की ऐटीत उभा आहे. तेवढ्यात गेलन स्टोल्झ त्याच्या आणि हॅगर्टीच्या मधे येऊन उभा राहिला. बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हतीच. पुढच्या खेळीनंतर पुन्हा तसंच. जागा बळकावायला चिकटत नव्हता तो पोरगा, एमिल. आडोसा करत होता.

बर्फ कुठे जातो ते आता मला कळलं. घरी येऊन मी त्याच्या खोलीत गेले. उशीखाली ओला कपडा होता, मानेच्या जागी. बाटली नव्हतीच कधी.

तू लाइनबॅकर होतास. पोराच्या हाताला काय झालंय, हे तुला माहीत असेल तर मला सांग. सरळ सांग.

व्लास्ता


युमा
२५ ऑगस्ट १९७६

प्रिय ताई,

घाबरू नकोस. आम्ही त्याला ‘करंट’ म्हणायचो. डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे गेला की मानेतून हातात वीज उतरते. हात दोन मिनिटं बधिर होतो आणि परत येतो. ज्याला कधी करंट बसला नाही तो लाइनबॅकरच नाही. माझ्या वेळी आम्ही त्यावर पैजा लावायचो. कोणीही मेलं नाही.

म्हणूनच पट्टा असतो. मान मागे जात नाही. म्हणूनच तू टॉवेल शिवलास ते बरं केलंस.

आता नीट ऐक. हॅगर्टीला हे कळलं तर तो त्याच दिवशी पोराचा शर्ट काढून दुसऱ्याला देईल. डॉक्टरकडे पाठवेल, डॉक्टर हात वर करील, आणि हॅगर्टी म्हणेल, मी काय करणार? त्याला हेच हवंय. पहिला सामना होऊ दे. त्यात पोरगं चमकलं की मग हॅगर्टीची हिंमत होणार नाही. मग लागेल तितकी विश्रांती घेऊ दे.

रॉडनी मनाने फार घट्ट आहे. एप्रिलपासून हे अंगावर काढतोय पण एकाही सरावाला गैरहजर राहिला नाही. आपल्या घरात एवढं कणखर कोणी नव्हतं, मीसुद्धा नाही.

फक्त अकरा तारखेपर्यंत गप्प राहा, ताई. माझ्यासाठी.

तुझा,
एमिल


होलुब
२९ ऑगस्ट १९७६

एमिल,

एप्रिलपासून.

हा शब्द मी सिंकसमोर उभी राहून वाचला, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. दोन मिनिटांत जातं म्हणतोस आणि एप्रिलपासून आहे म्हणतोस. दोन्ही एकाच कागदावर, तुझ्याच अक्षरात.

मग पार्सल आठवलं. त्यावरचा टपालाचा शिक्का बघितला : ते माझ्या पहिल्या पत्राच्या आधी युमाहून निघालं होतं. तेव्हा मी तुला मान, खांदा, हात, कशाबद्दलच लिहिलं नव्हतं. ट्रंक आवरत होतास म्हणे! मी ताडपत्र्यांवर संशय घेतला, त्या टोपीवाल्यावर घेतला, पोराच्या खोलीत बाटली शोधली. घरातला चोर पत्रातून येत होता आणि मी त्याला खोकला कसा आहे म्हणून विचारत होते.

काल मी काय केलं ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

काकड्यांची एक बरणी घेतली, झाकण घट्ट असलेली, आणि परसातल्या फाटकातून मैदानात शिरले. सराव चालू होता. तो मदतनीस धावत आला.

“मॅडम, सराव बंद आहे. बाहेरच्यांना परवानगी नाही.”

“मी बाहेरची नाही. लोणचं घेऊन आले आहे. बाजूला हो.”

हॅगर्टीने शिट्टी वाजवली. सगळे थांबले. मी सरळ मधोमध गेले. रॉडनीने मला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला कळलं होतं.

“आत्याआजी, घरी चला. प्लीज.”

“आधी ही उघड.”

कोणीतरी हसलं. मागून एकजण म्हणाला, “उघड की रे, आजीला भूक लागलीय!”

“डाव्या हाताने,” मी म्हटलं. “उजवा मागे घे.”

“आत्याआजी…”

“वर्गात मी एखादी गोष्ट दोनदा सांगायचे का?”

त्याने बरणी पोटाशी धरली आणि डावा हात झाकणावर ठेवला. बोटं वळली, पण आवळता येईनात. गेलन स्टोल्झ पुढे झाला, त्याला पुन्हा आडोसा करायचा होता. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो थांबला. झाकणावरून बोटं घसरली. बरणी सुटली, गवतावर पडली, फुटली नाही. रॉडनी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, हेल्मेट घातलेलं असल्याने त्याला ते पुसता येईना.

हॅगर्टी आला. मी भांडायच्या तयारीनेच उभी होते. त्याने रॉडनीचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, “दाब.” मग पुन्हा, “दाब, पोरा.” मग अगदी हळू, “कधीपासून?”

मी सांगितलं.

हॅगर्टी पांढराफटक पडला. मला म्हणाला, “एमिलना माहीत होतं?” मी हो म्हटलं. तो एवढंच म्हणाला, “मला त्यांनी एक फोन जरी केला असता तर, मॅडम.” आणि सराव थांबवून त्याने रॉडनीला स्वतःच्या गाडीतून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. ताडपत्र्यांकडे त्याने बघितलंही नाही.

निमित्त शोधणारा माणूस असा दिसत नाही, एमिल. मी पुष्कळ निमित्तं शोधणारे बघितलेत.

सोमवारी ओमाहाला मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहोत.

व्लास्ता


युमा
२ सप्टेंबर १९७६

व्लास्ता,

भर मैदानात? सगळ्या संघासमोर? मुलाला लाज आणून काय मिळवलंस? घरात दार लावून विचारता आलं नसतं? हॅगर्टीचं काम तू फुकटात करून दिलंस. पोराला एकदा तरी तो शर्ट घालून त्या मैदानावर उतरू द्यायचं होतं. मी आणखी काही मागितलं नव्हतं.

एमिल


होलुब
६ सप्टेंबर १९७६

एमिल,

घरात दार लावून विचारलं होतं. “ओला होता” म्हणाला. तूही दार लावूनच सांगितलं होतंस, “ट्रंक आवरत होतो” म्हणून. दारं लावून बोललेल्या गोष्टींचा मला कंटाळा आला होता.

ओमाहात क्ष-किरणांचे फोटो काढले. मानेच्या एका मणक्याला तडा गेला आहे, जुना, अर्धवट सांधलेला. एप्रिलमधलाच असणार. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि मला त्यातलं काय काय कळतंय हे बघून सरळ बोलले. म्हणाले, तडा गेला तेव्हा नशिबाने वाचला आणि त्यानंतर रोज नशिबावर खेळत होता. समोरासमोर एक धडक चुकीची बसली असती तर मुलगा मैदानातून स्ट्रेचरवर गेला असता आणि पुढे आयुष्यभर कोणीतरी त्याला चमच्याने भरवलं असतं. आणखी एक विचारलं : तो गळ्याचा पट्टा कोणी भरला? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, जाड पट्ट्यामुळे त्याला वाटत राहिलं की मान सुरक्षित आहे, म्हणून तो खेळत राहिला.

हे ऐकून मी काय केलं विचारशील तर टोपी घातली आणि गाडीत येऊन बसले.

फुटबॉल संपला. या वर्षापुरता नव्हे, कायमचा. मानेला आता डॉक्टरांचा कडक पट्टा आहे, हनुवटीपर्यंत. शिष्यवृत्ती जात नाही; हॅगर्टी स्वतः प्राचार्यांशी बोलला.

रॉडनी माझ्याशी बोलत नाही. जेवायला खाली येतो, जेवतो, ताट धुतो, वर जातो. गावही फारसं बोलत नाही. मिसेस होराकनी ब्रेड देताना विचारलं, “मग आता मधे कोण उभं राहणार, मिस क्रेइची? तुम्ही?” मी सुटे पैसे परत घेतले आणि निघाले.

तू रागावला आहेस ते मला कळतं. राग उतरला नाही तरी चालेल. पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. पण रविवारी त्याला फोन कर. तो सहा वाजता जिन्यात येऊन बसतो आणि फोनकडे बघतो. काल वाजला नाही.

व्लास्ता


युमा
१६ सप्टेंबर १९७६

प्रिय ताई,

किती गुणांनी हरलो, असं विचारायला बसलो होतो. तो कागद फाडला.

हात कसा आहे?

रविवारी त्याला फोन लावला होता. त्याने “आजोबा” म्हटलं आणि पुढे मला बोलता येईना. खोकल्याचं नाटक करून ठेवून दिला. त्याला वाटलं असेल मी रागावलोय. त्याला सांग, तसं नाही. मला सांगता येत नाही.

मला वाटत होतं मी हॅगर्टीपासून त्याला वाचवतोय. खरंच वाटत होतं, ताई.

एमिल


होलुब
२० सप्टेंबर १९७६

प्रिय एमिल,

गुण विचारले नाहीस तरी सांगते. नाही सांगितलं तर झोपणार नाहीस. वेस्टब्रुकने आम्हाला सडकून हरवलं. आमच्या घरातल्या माणसांना चोर दिसले, धरता मात्र आले नाहीत. मधे गेलन स्टोल्झ उभा होता. पहिला अर्धा वेळ तो डाव चुकीचा ओरडत होता. दुसऱ्या अर्ध्यात कुंपणाजवळून कोणीतरी त्याला खुणा करू लागलं. मी चष्मा पुसला. कडक पट्ट्यामुळे मान वळत नव्हती म्हणून अख्खं अंग वळवून रॉडनी खुणा करत होता, आणि हॅगर्टी त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभा होता. त्यानंतर वेस्टब्रुकला फार काही करता आलं नाही. हरलो तरी गाव शेवटपर्यंत उठलं नाही.

स्टोल्झचा बाप आता खाली येऊन बसतो, माझ्या शेजारी. मुलाने पाहिलं तर म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून. मुलाने पहिल्याच मिनिटाला पाहिलं, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

तुझा निरोप रॉडनीला दिला. खोकल्याच्या नाटकाचंही सांगितलं. तो म्हणाला, “मला कळलं होतं. आजोबांना खोटं खोकता येत नाही.” तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मग म्हणाला, “आत्याआजी, त्या दिवशी बरणी फुटली असती तर काय केलं असतं तुम्ही?” मी म्हटलं, दुसरी आणली होती, पिशवीत. तेव्हा हसला. हसताना पट्टा हनुवटीला टोचतो त्याच्या.

हात हळूहळू येतोय. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून तो रबरी चेंडू दाबतो. डॉक्टर म्हणतात, बराचसा परत येईल, पूर्ण येईल की नाही ते आता सांगता येत नाही. मी पण तुला त्याहून जास्त सांगणार नाही.

तू त्याला वाचवत होतास, हे मला पटतं. संशय घेण्यात तू माझाच भाऊ आहेस. आपण दोघं सगळीकडे चोर शोधत राहिलो आणि पोराची मान बघितली नाही. मी तर ती टॉवेलने झाकली.

तुझा गळ्याचा पट्टा या पार्सलमध्ये परत पाठवते आहे. पुन्हा ट्रंकेत ठेव आणि ट्रंक आवरू नकोस. शिवण मी उसवली आहे. टॉवेल माझा होता, तो काढून घेतला. धुऊन आज ताटं पुसायला वापरला.

खालच्या दोन ओळी रॉडनीच्या. डाव्या हातानेच लिहिणार म्हणून हटून बसला, त्यामुळे वेडंवाकडं आहे आणि वेळ फार लागला. मी लिहून देते म्हटलं तर नाही म्हणाला.

तुझी,
व्लास्ता

आजोबा, रविवारी सहा वाजता. या वेळी मी आधी बोलेन, तुम्ही फक्त ऐका.
रॉडनी